आंटीच्या मयताला न आलेली चटई

शहरातल्या एका वारसा-केंद्राने आमच्या आंटीला फसवलं. तिची चटई नेली, तिच्या मयताला ती घेऊन येऊ असा शब्द दिला, आणि चटई आली नाही, माणसंही आली नाहीत. शब्द दिला तेव्हा मी तिथे होतो, आंटीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या खुर्चीवर. त्यामुळे मला कोणी गैरसमज वगैरे सांगू नये.

आंटी आमच्या नात्यातली नव्हती. ती सामोआ बेटाची. ऑकलंडच्या ग्रे लिन भागातल्या तिच्या गल्लीत लहानथोर सगळे तिला आंटीच म्हणत, म्हणून आम्हीही. तिची-माझी ओळख झाली ती अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात. दोन हजार एक-दोनचा सुमार असेल. बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आली आणि तिच्या व्हिसावर मी आलो. पुण्यात रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागलेला माणूस मी, पुढे स्वतःचं दुकान काढलं होतं. इथे मला कोणी ओळखेना. मग एका ओळखीच्याच्या कंटेनरमध्ये जागा मिळवून मोठाली ॲल्युमिनियमची पातेली मागवली आणि बाजारात मांडली. आपले लोक यायचे, वाजवून बघायचे आणि प्रेशर कुकर आहे का विचारून जायचे. पातेली घेतली ती बेटांवरच्या लोकांनी. त्यांच्याकडे शंभर माणसांचं जेवण ही रोजची गोष्ट.

आंटीने सगळ्यात मोठ्या पातेल्याला हात लावला आणि विचारलं, "केवढ्याला?"

मी नेहमीप्रमाणे दुप्पट सांगितलं, म्हणजे खाली यायला जागा राहते. तिने पर्स उघडून तेवढे पैसे पुढे केले. मला कसंतरीच झालं. म्हटलं, "आंटी, असं नसतं. तुम्ही कमी सांगायचं."

"का? तू खोटी किंमत सांगितलीस का?"

शेजारचा टॅरोवाला, म्हणजे अळूचे कंद विकणारा, मोठ्याने हसला. मी निम्मे पैसे परत केले. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःशीच घासाघीस केली आणि त्यातही हरलो.

ती तिथून गेली नाही. एवढी भांडी ठेवतोस कुठे, म्हणाली. मी सांगितलं, सँडरिंगहॅमला एका खोलीत राहतो, पलंगाखाली पातेली, पलंगावर गरोदर बायको. ती म्हणाली, माझ्याकडे गॅरेज रिकामं आहे, पुढची खोलीही रिकामी आहे. त्याच संध्याकाळी मी बायकोला घेऊन बघायला गेलो.

भाडं ठरवायला बसलो. मी विचारलं, किती. ती म्हणाली, तुला किती परवडतं. मी म्हटलं, आधी तुम्ही सांगा. ती म्हणाली, नाही, तू सांग. मी मोठमोठे व्यापारी पाहिलेत, पण समोरच्याने आकडाच सांगायचा नाही हा डाव मला नवीन होता. माझा आवाज चढायला लागला. बायको ड्यूटी करून आलेली, सातवा महिना. ती उठली आणि मराठीत म्हणाली, "अहो, बास करा आता. मला झोपायचंय." आणि सरळ त्या पुढच्या खोलीत जाऊन पलंगावर आडवी झाली. आंटी मागोमाग गेली, तिच्या पायांवर पांघरूण घातलं, दिवा मालवला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "झालं. आता हळू बोल."

तसे आम्ही त्या घरात राहायला गेलो.

लाकडी घर होतं, पुढे व्हरांडा, मागे लिंबाचं झाड आणि अळूचा वाफा. अळू बघून बायको रडायलाच लागली. आंटी त्या पानांत नारळाचं दूध घालून, गुंडाळून भट्टीत शिजवायची. बायकोने तिला अळूवडी शिकवली. चर्चच्या बायकांना अळूवडी इतकी आवडली की दर रविवारी "तुझ्या मुलीने ते तळलेलं केलंय का" असं विचारणं सुरू झालं. मुलगी म्हणजे माझी बायको. माझा उल्लेख "तो ओरडणारा" असा होई.

आमची लेक झाली तेव्हा सासूबाईंना व्हिसा मिळाला नाही. बाळाला तेल लावून चोळायचं काम आंटीने अंगावर घेतलं. खोबरेल तेलच वापरायची, आपल्यासारखंच. पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर उताणं घ्यायची आणि चोळता चोळता काहीतरी गुणगुणायची. बायको दारात उभी राहून बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "आई आली असती तरी असंच बसली असती."  

चटईची गोष्ट त्या घरातच कळली. थंडी संपल्यावर आंटीने आमची खोली आवरायला काढली. मला म्हणाली, गादीचं ते टोक धर. गादी उचलली तर खाली चार-पाच चटया सपाट पसरलेल्या. म्हणजे इतके महिने आम्ही त्यांच्यावर झोपत होतो.

"आंटी, ह्या इथे का?"

"सपाट राहतात. तुम्ही दोघं चांगले वजनदार आहात."

सगळ्यात वरची चटई तिने उलगडली. केवड्याच्या जातीच्या एका झाडाच्या पानांच्या, दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या काढून विणलेली. मला वाटलं होतं कडक असेल. हात लावला तर धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखी मऊ. कडेला तांबड्या पिसांची झालर. त्यांच्या भाषेत हिला इए तोंगा म्हणतात. अशी एक विणायला बायकांचं वर्षदीड वर्ष जातं. पण ती अंथरायची नसते, विकायचीही नसते. लग्नात, मयतात, कुणाला मान द्यायचा असेल तेव्हा द्यायची. ज्याला मिळाली तो पुढे दुसऱ्याला देतो. फिरत राहते, आणि जितकी फिरते तितकी मोठी होते. देणाऱ्याच्या घरी पुढे मयत झालं तर घेणाऱ्याने चटई घेऊन यायचं. तीच असेल तर उत्तम, नसेल तर दुसरी. पण यायचं.

बायको म्हणाली, "आपल्याकडे ब्लाउजपीस फिरतात, तसं."

मी म्हटलं, "ब्लाउजपीस लोक कटवायला फिरवतात. हे मिरवायला फिरवतात."

आंटीने काय बोलताय म्हणून विचारलं. बायकोने समजावून सांगितलं. आंटी इतकी हसली की तिला पलंगावर बसावं लागलं. मग तिने ती चटई तिच्याकडे कशी आली ते सांगितलं.

तिचा धाकटा भाऊ त्या गल्लीतच गेला. गाडी शेजारच्या घरातला मुलगा चालवत होता, दोघंही प्यायलेले, मुलगा वाचला आणि भाऊ गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे आंटीने पडदा सरकवला तर समोरच्या हिरवळीवर, दवात, शेजारचं सगळं कुटुंब खाली मान घालून बसलेलं आणि म्हाताऱ्या बापाच्या डोक्यावरून ही चटई पांघरलेली. त्यांच्यात माफी अशी मागतात. आतल्यांनी बाहेर येऊन चटई उचलली तर माफ केलं. नाही उचलली तर काहीही होऊ शकतं, आणि बसलेल्यांनी ते सोसायचं. आंटीचा नवरा, तेव्हा तो हयात होता, काठी घेऊन दाराशी उभा होता. आंटी म्हणाली, "मी बराच वेळ आत बसले. मला ती उचलायची नव्हती." मग सूर्य वर आला, आणि म्हाताऱ्याची पाठ थरथरताना दिसली, तेव्हा ती बाहेर गेली आणि तिने चटई उचलली. सगळ्यांना आत घेऊन चहा दिला. चटई तिच्याकडे राहिली. नंतर त्या गल्लीतल्या किती लग्नांत, किती मयतांत ती गेली आणि फिरून तिच्याकडे आली, ते ती घरांकडे बोट दाखवत सांगत असे. ह्या घरात गेली, मग त्या कोपऱ्यावरच्या, मग चर्चमागच्या.

आता त्या घरांत तिचं कोणी नव्हतं. ती आली होती जहाजाने, पन्नास-साठ वर्षांपूर्वी. गल्लीतलं पहिलं सामोअन घर तिचं. त्या काळी गोरे लोक ही जुनी लाकडी घरं सोडून नव्या उपनगरांत चालले होते. बेटांवरून येणाऱ्यांना कारखान्यांत काम मिळायचं, पण घर मिळायचं नाही. तोंड बघितलं की खोली नुकतीच गेली म्हणून सांगायचे. त्यामुळे जहाजातून उतरलेला प्रत्येकजण आधी आंटीकडे. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच गादीवर. पुढे व्हिसा संपलेल्यांना पकडायला भल्या पहाटे पोलीस यायला लागले, तेव्हा आंटीने त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि म्हणाली, आमची सकाळची प्रार्थना व्हायची आहे. मग प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी तिला देवाला बरंच काही सांगायचं होतं. ती संपेपर्यंत मागच्या कुंपणावरून जे जायचे ते गेले होते.

असा तिचा मोहल्ला. नंतर शहराच्या मधोमध राहणं गोऱ्यांना पुन्हा आवडायला लागलं. घरांना रंग लागले, किमती वाढल्या, सामोअन कुटुंबं एकेक करून दक्षिणेला मांगेरेकडे गेली. टॅरो मिळायचा त्या दुकानात कॉफी मिळायला लागली. आंटीचा मुलगाही मांगेरेला, बसड्रायव्हर. तो म्हणायचा, विकून टाक. ती म्हणायची, मी गेल्यावर विक.

आम्ही पुढे सँडरिंगहॅमला दुकान घेतलं, वर राहायला घर. पण रविवारी बाजार आवरला की माझी व्हॅन आधी आंटीकडे वळायची. लेक मागच्या सीटवरून विचारायची, "आर वी गोइंग टू आंटीज?" मी म्हणायचो, मराठीत विचार. ती तेच वाक्य मोठ्याने विचारायची.

वारसा-केंद्राची बाई आली ती दोन हजार सहाच्या आसपास. तिशीतली, गोरी, "किया ओरा" असा माओरी नमस्कार म्हणत आत येणारी, चपला दाराबाहेर काढणारी. त्या भागातल्या बेटवासी लोकांचा इतिहास नाहीसा होतोय, तो जपायचा आहे, त्यावर प्रदर्शन करायचं आहे, असं म्हणाली. बाई मनाने वाईट नव्हती, हे मला आजही म्हणावं लागतं. आंटीने मला निरोप पाठवला: तू ये, तुला बोलाचाली करता येते.

ती बाई रेकॉर्डर लावून कित्येक दुपारी आंटीच्या टेबलाशी बसली. पोलिसांची प्रार्थना ऐकून हसली, भावाची गोष्ट ऐकून रडली. मग प्रदर्शनातल्या फलकाचा मजकूर घेऊन आली. त्यात लिहिलं होतं की त्या दशकांत इथली घरं दाटीवाटीची आणि दुर्लक्षित होती.

माझं डोकं फिरलं. "दुर्लक्षित? ह्या बाईने दर ख्रिसमसला स्वतः शिडीवर चढून घर रंगवलंय!"

"तो त्या काळच्या सरकारी अहवालांतला शब्द आहे," ती म्हणाली.

"मग सरकारचं प्रदर्शन करा. आंटीला कशाला विचारत बसलात?"

आंटी म्हणाली, "ओरडू नकोस." मग त्या बाईला म्हणाली, "पण तो बरोबर बोलतोय. घर भरलेलं होतं. तसं लिही."

मी तासभर भांडलो. दुर्लक्षित काढायला लावलं, दाटीवाटीच्या जागी भरलेली घरं आलं, आणि घरमालक खोल्या देत नसत हे वाक्य वर, पहिल्या ओळीत घालायला लावलं. ती बाई घामाघूम झाली, पण जाताना मला म्हणाली, "थँक यू. आता हे खरं वाटतंय." त्या दिवशी मी फार खूश होतो. बायकोला सांगितलं, "आज इतिहासाचा भाव वाढवून आलो."

मग चटईचा विषय निघाला. बाई म्हणाली, प्रदर्शनात तुमची चटई मधोमध लावू. मी म्हटलं, आधी कागद करा. किती महिने, कधी परत, सगळं. आंटीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चटई कागदावर देत नाहीत."

"आंटी, ही माणसं तुमच्या गल्लीतली नाहीत."

"म्हणून तर देते." आणि ती त्या बाईकडे वळली. "मी ही तुमच्या घराला देईन. तुमचं घर माझ्या लोकांची गोष्ट सांगणार आहे. पण मी मरेन तेव्हा तुम्ही ती घेऊन यायचं. माझ्या मयताला. सगळ्यांसमोर. मग माझा मुलगा ती तुम्हाला परत देईल की दुसऱ्याला, ते तो ठरवेल. याल?"

बाईचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "नक्की. नक्की येऊ. आमचा सन्मान असेल तो."

रेकॉर्डर चालू होता. मी फ्रिजशेजारी होतो. आणि आंटीचा हात माझ्या गुडघ्यावर होता, म्हणून मी गप्प बसलो. दुसऱ्या कोणाचा असता तर झटकला असता.

चटई नेण्याच्या दिवशी पुढच्या खोलीत चर्चच्या बायका गात होत्या. दोघींनी चटई पसरून धरली आणि खोलीभर मिरवली. आंटी उभी राहून तिच्या भाषेत बोलली. वारसा-केंद्राची माणसं पांढरे हातमोजे घालून आली होती. आंटी म्हणाली, "माझी चटई स्वच्छ आहे." ते म्हणाले, हाताचा घाम लागू नये म्हणून. किडे मरावेत म्हणून आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवू, असंही सांगितलं. मागे कोणीतरी म्हणालं, "मटणाशेजारी का?" आणि सगळी खोली हसली. मान स्वीकारला की उलट काही द्यायचं असतं. त्यांनी एक पिशवी दिली. त्यात कॉफीचा मग, पेन आणि फ्रिजवर लावायचं चुंबक. मी लालेलाल झालो. आंटीने पिशवी कपाळाला लावून घेतली.

प्रदर्शन उघडलं त्या संध्याकाळी मांगेरे, ओटाराहून बसेस भरून लोक आले. मी फलक वाचला, माझी वाक्यं होती. चटईशेजारच्या पाटीवर लिहिलं होतं: समारंभाची चटई, सामोआ, एका स्थानिक कुटुंबाकडून भेट. तेवढंच. म्हाताऱ्याच्या पाठीबद्दल एक शब्द नाही.

"भेट? आंटी, भेट लिहिलंय. ह्यांनी गिळली ती."

"भेटच दिली मी."

"मग परत कशी आणतील?"

"भेट घेतली म्हणजे आता ते आपले झाले. आपली माणसं येतातच."

"आंटी, त्यांच्याकडे एअर कंडिशनर आहे. नातेवाईक नाहीत."

तिने माझा कान पकडला, खरोखर पकडला, सगळ्यांसमोर. "तुला विकायचं कळतं. घ्यायचं-द्यायचं कळत नाही." मग कान सोडून त्याच हाताने माझा गाल थोपटला. माझी लेक खुदकन हसली.

दोन वर्षांनी आंटी आजारी पडली. बायकोच्याच हॉस्पिटलात होती. ड्यूटी संपली की बायको तिचे केस विंचरायला जायची, खोबरेल लावायची. आंटी तिला सारखं एकच विचारायची: त्या लोकांना कळवलंय का? बायको सांगायची, हो, हे कळवतायत. शेवटच्या आठवड्यात आंटी मला म्हणाली, "ती चटई पुढे धरा म्हणावं त्यांना, कडेची पिसं दिसली पाहिजेत." मला आता तिच्याशी भांडता येत नव्हतं. म्हटलं, "सांगतो, आंटी."

ती गेली आणि मी दुकानाचं शटर ओढून वारसा-केंद्रात गेलो. ती बाई केव्हाच वेलिंग्टनला दुसऱ्या नोकरीवर गेली होती. तिच्या जागी एक मृदू बोलणारा माणूस होता. मी सगळं सांगितलं, टेप ऐका म्हटलं. तो म्हणाला, टेप आहे, पण संग्रहात दाखल झालेली वस्तू अशी इमारतीबाहेर काढता येत नाही. हवामान, विमा, समितीची परवानगी. काही महिने लागतात.

"तिला शनिवारी पुरणार आहेत."

"आय'म सो सॉरी."

मग मी तेच केलं जे मला येतं. भाव खाली आणत गेलो. म्हटलं, तासाभरासाठी द्या. नाही. बरं, काचेच्या पेटीत आणा, तुम्हीच धरा, कोणी हात लावणार नाही. नाही. गाडीत ठेवा, दारापर्यंत आणा, तिचा मुलगा बाहेर येऊन बघेल. त्याने मान हलवली. मी शेवटी चटई सोडली. आयुष्यात मी माल सोडून कधी उठलो नाही. म्हटलं, "चटई राहू दे. तुम्ही या. तुमच्यातलं कोणीही एक. दारात उभं राहा. आंटीने तुम्हाला आपलं मानलं होतं. तुम्ही आलात एवढं तिच्या लोकांना दिसू दे."

तो म्हणाला, "आय'ल सी व्हॉट आय कॅन डू."

मी दुकानदार आहे. "बघून येतो" म्हणून जाणारं गिऱ्हाईक मी पाठीवरून ओळखतो. तरी मी त्याला चर्चचा पत्ता, वेळ, गाडी कुठे लावायची ते सगळं सांगून आलो.

आम्ही काय न्यायचं हा प्रश्न होता. आम्हालाही तिने दिलं होतं, त्यामुळे रिकाम्या हाताने जाणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, चांगली नवी सिल्कची साडी घेऊ. बायकोने कपाटाच्या तळातून तिच्या आईचं नऊवारी लुगडं काढलं. सासूबाई मधल्या काळात गेल्या होत्या आणि तेवढंच एक त्यांचं इथे होतं.

"अगं, हे?"

"नवीन देऊन काय करायचं? त्यांना कळतं."

मांगेरेतल्या चर्चचा हॉल गच्च भरला होता. एकेक कुटुंब रांगेने आत यायचं, पुढे बायका चटई पसरून धरलेल्या, आणि वक्ता मोठ्या आवाजात सांगायचा, हे कोण, कुठले, आंटीचे कोण लागतात. आमची पाळी आली. चर्चच्या बायकांनी बायकोच्या हातून लुगडं घेतलं, घड्या मोडल्या, नऊ वार लांब पसरलं आणि पाच-सहा जणींनी धरून सगळ्या हॉलभर फिरवलं. वक्त्याने आम्ही कुठले ते सांगितलं, बायको आंटीची मुलगी आहे असं सांगितलं, आणि माझ्याबद्दल काहीतरी बोलला, त्यावर सगळे रडता रडता हसले. काय ते कोणी मला सांगितलं नाही. मी अंदाज करू शकतो.

दुपारनंतर आलेल्या वस्तू घरच्यांनी पुढे वाटायला घेतल्या. लुगडं ओटाराच्या एका म्हाताऱ्या बाईकडे गेलं. तिने ते गालाला लावून बघितलं. मी बायकोकडे पाहिलं. "गेलं," मी म्हटलं. ती म्हणाली, "फिरू दे." आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडली.

मी मात्र जास्त वेळ दाराबाहेर होतो. केंद्राच्या गाडीसाठी एक जागा मी माझी व्हॅन आडवी लावून अडवून ठेवली होती. दोघं जण तिथे लावू का म्हणून विचारून गेले, मी दोघांशी भांडलो. आंटीच्या मुलाने बाहेर येऊन विचारलं, "आलेत का?" मी म्हटलं, ट्रॅफिक असेल. शनिवारी दुपारी, मांगेरेत. तो आत गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला आणि म्हणाला, "चल, आत चल. आता नेतात तिला." वक्त्याची सगळी कुटुंबं पुकारून झाली होती. पुढच्या रांगेत एक जागा तेवढी सोडलेली होती. तिथे कोणी बसलं नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात आंटीच्या मुलाकडे पोस्टाने एक कार्ड आलं. तो ते मला दाखवायला दुकानात घेऊन आला. वारसा-केंद्राच्या दुकानात विकतात त्यातलं होतं. वर आंटीच्या चटईचा फोटो, पिसांच्या झालरीसकट, आत छापील ओळ, आपल्या दुःखात सहभागी आहोत. खाली केंद्राचा शिक्का. सही कोणाची नाही. त्याने विचारलं, "हे कोणी पाठवलंय?" मी कार्ड मागून-पुढून पाहिलं. 

फलक अजून तिथे आहे, त्यावर माझी वाक्यं आहेत, शाळेची मुलं ती वाचतात. छान आहे. आंटीची गोष्ट जपली जातेय, असं मला लोक सांगतात. मला चटई परत नको. ती मागायचा हक्क तिच्या मुलाचा आहे, आणि तो मागत नाही. तो म्हणतो, आईने दिली ती दिली. मी एवढंच विचारतोय. "नक्की येऊ" म्हणणारी निघून गेली, "बघतो" म्हणणारा म्हणतो समितीने ठरवलं, समितीला फोन केला तर म्हणतात आमच्यापुढे विषयच आला नाही. मग त्या शनिवारी जायचं नाही हे ठरवलं कोणी? कोणीतरी एका माणसाने, खुर्चीवर बसून, ठरवलं असणार. त्याने मांगेरेला जावं. आंटीच्या मुलाच्या दारावर टकटक करावी, आपलं नाव सांगावं आणि का आलो नाही ते त्याच्या तोंडावर सांगावं. पत्ता माझ्याकडे आहे. व्हॅन मी चालवतो. कोण येतंय?